गमावण्याची जागा

डुलुथला सप्टेंबरातच सरोवरावरून धुकं चढतं,
आणि शनिवारी सकाळी माझे नऊ खेळाडू
त्यात अर्धे दिसतात, अर्धे ऐकू येतात.
पिवळे शर्ट, पाठीवर ‘लुंडीन हार्डवेअर’,
म्हणजे माझंच दुकान, खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे.
पन्नास डॉलर भरले की कुणीही यावं,
अर्धा खेळ तरी प्रत्येकाला मिळालाच पाहिजे,
असा आमच्या हौशी संघाचा नियम.
कॉर्बिन बचावाला उभा राहतो आणि डँडेलियन तोडतो.
मी ओरडत नाही. फुलंही मैदानातलीच.

आयला निएमीचं तसं नाही.
दहाव्या वर्षीच चेंडू तिच्या पायाशी असा असतो
जसं हाक न मारता मागे येणारं मांजर.
पाच गोल झाले की मी सांगतो, आता डाव्या पायानं.
मग डाव्यानं तीन.

तिचे वडील वेन थंडीत रस्त्यावरचा बर्फ काढतात,
उन्हाळ्यात त्याच रस्त्याचे खड्डे बुजवतात.
पिकअपच्या मागच्या फळीवर कागद पसरून म्हणाले,
"ट्रॅव्हल टीमनं बोलावलंय, बघ जरा."
अडीच हजार डॉलर. पोशाख वेगळे.
मिनीअ‍ॅपोलिस, फार्गो, मॅडिसन, हॉटेलच्या रात्री.
आठवड्याला तीन सराव, परवानाधारक कोच.
"तिथं बाकावर बसवतील का रे तिला? इथं तर सगळं तीच.
पोर घडते कुठं, तू सांग."

मी बिजागऱ्या विकणारा माणूस.
तरी उत्तर तोंडात तयार होतं:
राहू दे इथंच, बालपण कशाला गाडीत घालवता,
तीन तास जायचं, चाळीस मिनिटं खेळायचं, तीन तास यायचं.
पुतण्याचं उदाहरणही हाताशी होतं,
चौदाव्या वर्षी त्यानं बूट गॅरेजात टांगले, ते अजून तिथंच.
सगळं खरं होतं.
पण त्या खऱ्यातही एक खोट होती:
ती गेली तर आम्ही दर शनिवारी हरणार,
आणि मला जिंकायची चटक लागली होती, फुकटात.
"बघू," म्हणालो, आणि शिट्टी उगाच पुसत बसलो.

ट्रायआउटला गेलो. बोलावलं कुणीच नव्हतं.
तारेच्या कुंपणाबाहेर, टोपी खाली ओढून.
पहिला चेंडू आयलाकडून गेला.
दुसराही. तिसरा एका ठेंगण्या मुलीनं
इतका अलगद काढून नेला की आयला
रिकाम्या पायांनी दोन पावलं तशीच पळत गेली.
वाटलं, रडणार आता.
ती थांबली. वळून त्या मुलीकडे पाहिलं
आणि हसली, तोंड भरून,
जसं परक्या गावात
कुणी आपल्या बोलीतलं भेटावं.

दोन वर्षांत माझ्याकडे तिनं
एकदाही चेंडू गमावला नव्हता.
मी त्याला शिकवणं समजत होतो.

रात्री वेनला फोन केला. पाठव म्हणालो,
पैशांचं मात्र मला सांगता येणार नाही.
तो म्हणाला, यंदा बर्फ जास्त पडो, जादा तास मिळतील.
मग दोघंही थोडा वेळ नुसतेच फोन धरून.

पडला. खूप पडला.
आता मे संपत आला, तरी पार्किंगच्या कोपऱ्यात
त्यातला एक ढीग काळा पडून शिल्लक आहे.
आम्ही पाच-शून्यनं मागे.
वेनची पिकअप फार्गोच्या रस्त्यावर असेल कुठंतरी,
मागच्या सीटवर ती झोपलेली, नाहीतर जागी.
बाकाचं काय झालं, मी अजून विचारलेलं नाही.

इथं कुणाकडे जावं ते चेंडूलाच कळेना.
घरंगळत घरंगळत तो कॉर्बिनपाशी येऊन थांबला.
कॉर्बिननं हातातली फुलं पाहिली, मग चेंडू.
फुलं ठेवायला जागा शोधली, सापडेना,
तेव्हा धावत माझ्याकडे आला,
"धर, कोच,"
आणि परत गेला.
चेंडू अजून तिथंच होता.